औषध सापडले आहे, आता ते रुग्णापर्यंत वेळेत पोहोचवा : क्षयरोगाविषयी आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री
आणि मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

२०२५ पर्यंत देशातून क्षयरोगाचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट सरकारने २०१८ साली मोठ्या विश्वासाने जाहीर केले होते. जगाने ठरवलेल्या मुदतीच्या पाच वर्षे आधीचे ते उद्दिष्ट होते. ती मुदत उलटली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला आणि त्यांतले २६ टक्के रुग्ण आपल्या देशातले होते. दर लाख लोकसंख्येमागे नव्या रुग्णांचे प्रमाण २०१५ मधील २३७ वरून २०२३ मध्ये १९५ वर आले. ही घट खरी आहे, तिच्यामागे हजारो कर्मचाऱ्यांचे आणि आशाताईंचे कष्ट आहेत; पण उच्चाटन या घटीपासून फार दूर आहे. केवळ हुकलेल्या मुदतीचा जाब विचारायचा असता तर मी पत्र लिहिले नसते. मला सांगायचे आहे ते असे, की गेल्या पंधरा वर्षांत संशोधकांनी या रोगाचे निदान आणि उपचार दोन्ही मुळापासून बदलले. मात्र सिद्ध झालेली प्रत्येक नवी गोष्ट तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत यायला जी वर्षे जातात, ती मंजुरी, खरेदी आणि वाटपात जातात, आणि हे तिन्ही विषय आपल्या अखत्यारीतले आहेत.

मी ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते आणि आता निवृत्त आहे. नोकरीतला मोठा काळ थुंकीच्या स्लाइड तपासण्यात गेला. स्लाइडवर कार्बोल फुक्सिन ओतायचे, वाफ दिसेपर्यंत खालून ज्योत फिरवायची, आम्लाने रंग उतरवायचा, मिथिलीन ब्लूने पुन्हा रंगवायचे आणि तेलाचा थेंब टाकून निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या शोधत एकेक क्षेत्र पुढे सरकवायचे, हे काम मी मनापासून केले. ही रंगवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकातली आहे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला, त्याच काळात ती घडली. तिची मर्यादा आम्हा सर्व तंत्रज्ञांना ठाऊक असे : एक मिलिलीटर थुंकीत काही हजार जंतू असल्याखेरीज ते सूक्ष्मदर्शकाखाली सहसा दिसत नाहीत, त्यामुळे कितीतरी रुग्ण 'निगेटिव्ह' म्हणून घरी जात. जंतू दिसला तरी तो कोणत्या औषधाला दाद देईल, हे त्या लाल काडीकडे पाहून कोणालाच सांगता येत नसे.

ही मर्यादा माझ्या घरात शिरली २०१४ साली. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी तेव्हा बारावीत होती. थुंकीत जंतू सापडले, नेहमीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि महिने लोटले तरी खोकला, ताप आणि उतरणारे वजन थांबेना. मग त्याच औषधांना स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनची जोड देऊन दुसऱ्या श्रेणीचा उपचार झाला. हरत असलेल्या औषधांत एकच नवे औषध मिसळण्याची ही रीत जंतूला आणखी एक प्रतिकार शिकवते, हे शास्त्राला तेव्हाही माहीत होते. शेवटी नमुना दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेला, अहवालाची आठवडेच्या आठवडे वाट पाहिली, आणि हा टीबी रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड या दोन्ही मुख्य औषधांना दाद न देणारा, म्हणजे एमडीआर असल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर कित्येक महिने कॅनामायसिनचे इंजेक्शन आणि त्याच्या पुढे दीड वर्ष मूठ मूठ गोळ्या. मुलगी वाचली. परंतु त्या इंजेक्शनाने तिच्या आतल्या कानाच्या पेशी मेल्या आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. उपचार चालू असताना तिची श्रवणचाचणी एकदाही झाली नाही. आज ती शिवणकामाचे वर्ग घेते, मुली प्रश्न विचारतात तेव्हा शिलाई थांबवून त्यांच्या ओठांकडे पाहते, आणि एखादीने खाली बघत विचारले तर तिची हनुवटी हलकेच वर उचलून म्हणते, "परत सांग."

माझी पहिली तक्रार निदानाची आहे.

थुंकीतल्या जंतूची जनुकीय खूण ओळखून सुमारे दोन तासांत टीबी आहे की नाही आणि तो रिफाम्पिसिनला दाद देतो की नाही, हे दोन्ही एकदम सांगणाऱ्या जीनएक्स्पर्ट चाचणीला जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली. आपल्याकडे ती सीबीनॅट म्हणून ओळखली जाते. त्यानंतर आपल्याच देशात ट्रूनॅट तयार झाले. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे हे यंत्र बॅटरीवर चालते, त्याला वातानुकूलित खोली लागत नाही आणि ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर मावते. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याचीही शिफारस केली. सूक्ष्मदर्शकावर आयुष्य काढलेल्या माणसाला हे यंत्र पहिल्यांदा चालताना पाहून काय वाटते, ते मी शब्दांत नीट मांडू शकणार नाही. जिथे मला जंतूंची गर्दी लागत असे, तिथे त्याला थोडेसे जंतू पुरतात.

मात्र यंत्र असणे आणि तपासणी होणे यांत अंतर आहे. प्रत्येक तपासणीला नवी लागणारी चिप किंवा कार्ट्रिज (नमुना घालायची डबी) संपली की यंत्र झाकून ठेवले जाते आणि तंत्रज्ञ पुन्हा स्लाइड रंगवायला बसतो, हे मी एका केंद्रात स्वतः पाहिले आहे. यंत्र बिघडले तर दुरुस्तीला महिनोन्‌महिने लागतात. नमुना ने-आण करणारा माणूस नसेल तर थुंकीची डबी उन्हाळ्यात दोन-दोन दिवस उपकेंद्रात पडून राहते आणि अशा नमुन्याचा अहवाल कितपत विश्वासार्ह असेल, हे कोणताही तंत्रज्ञ सांगेल. शिवाय ही पहिली चाचणी फक्त रिफाम्पिसिनपुरती बोलते. आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू तिच्यातून सहज निसटतो आणि तो दुर्मीळही नाही : २०१४ ते २०१६ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तपासलेल्या रुग्णांपैकी २८ टक्क्यांमध्ये कोणत्या ना कोणत्या औषधाला प्रतिकार आढळला होता. एमडीआरचे प्रमाण नव्या रुग्णांत २.८४ टक्के आणि आधी उपचार घेतलेल्यांत ११.६ टक्के होते. आयसोनियाझिडचा आणि फ्लुरोक्विनोलोन या प्रतिजैविकांच्या गटाचा प्रतिकार काही तासांत सांगणारे कार्ट्रिज २०२१ पासून जागतिक शिफारशीत आहे. जिल्ह्यातल्या रुग्णांनी मात्र अजून दूरच्या संदर्भ प्रयोगशाळेच्या अहवालाकडे डोळे लावून बसायचे.

दुसरी तक्रार उपचारांची. ती सविस्तर लिहावी लागेल.

रिफाम्पिसिन १९६० च्या दशकात आले. त्याच्या आधारे टीबीचा उपचार सहा महिन्यांवर आला आणि जगाने या रोगाकडे जणू पाठ फिरवली. पुढची सुमारे चाळीस वर्षे टीबीसाठी नव्या गटातले एकही औषध बाजारात आले नाही, कारण हा रोग ज्यांना होतो त्यांच्या खिशात पैसे नसतात. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या बेडाक्विलिनने ही कोंडी फोडली. जंतू ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने स्वतःची ऊर्जा तयार करतो, त्या विकरावरच हे औषध घाव घालते. आधीच्या कोणत्याही औषधाची ही वाट नव्हती, म्हणून जुन्या औषधांना निर्ढावलेला जंतूही त्याच्यापुढे टिकत नाही. त्यामागून डेलामॅनिड आले आणि २०१९ मध्ये प्रीटोमॅनिड. बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांचा, एकाही इंजेक्शनाविना, सहा महिन्यांचा उपचार बेलारूस, दक्षिण आफ्रिका आणि उझबेकिस्तानमध्ये तपासला गेला. २०२२ च्या अखेरीस त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : जुन्या उपचाराने ५२ टक्के रुग्णांना गुण आला होता, या नव्या उपचाराने ८९ टक्क्यांना आला. आपल्याकडेही चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेच्या पुढाकाराने अत्यंत कठीण अशा प्रतिकारक टीबीवर केवळ तोंडावाटे घ्यायच्या औषधांची चाचणी झाली आणि दहापैकी नऊ रुग्ण बरे झाले. माझ्या भाचीने दोन वर्षे जे भोगले ते सहा महिन्यांत, कान शाबूत ठेवून, भागू शकते, असा याचा सरळ अर्थ आहे.

आता तारखा पाहाव्यात. बेडाक्विलिन २०१२ चे. आपल्या सरकारी कार्यक्रमात ते २०१६ मध्ये आले, तेही सुरुवातीला देशभरातल्या केवळ सहा केंद्रांपुरते. २०१७ च्या जानेवारीत पाटण्याच्या एका तरुण मुलीला हे औषध मिळावे म्हणून तिच्या वडिलांना दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. कॅनामायसिन वापरू नका असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितले. त्यानंतरही आपल्याकडे इंजेक्शने एका दिवसात थांबली नाहीत. चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराची जागतिक शिफारस डिसेंबर २०२२ ची, आणि आपल्या आरोग्य मंत्रालयाने त्याला परवानगी दिल्याचे जाहीर केले सप्टेंबर २०२४ मध्ये. त्यानंतर प्रशिक्षण, खरेदी, जिल्हावार वाटप असे टप्पे पुन्हा सुरू झाले. सावधगिरीला माझा विरोध नाही. नव्या औषधाचे दुष्परिणाम तपासून घ्यावेत, आपल्या लोकांवर ते कसे चालते ते पाहावे, हे मी प्रयोगशाळेत काम करूनच शिकले आहे. पण एमडीआर टीबीच्या जगातल्या रुग्णांपैकी चौथा हिस्सा ज्या देशात आहे, त्या देशाने इतरांचे निष्कर्ष हाती आल्यावर विचार सुरू करावा, हे मला मान्य नाही. अशा चाचण्यांत आपण पहिल्या दिवसापासून असायला हवे होते आणि मंजुरीची तयारी निष्कर्षांची वाट पाहतानाच व्हायला हवी होती.

औषधाच्या किमतीबाबत एक गोष्ट नोंदवते, कारण तिचे श्रेय रुग्णांचे आहे. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या टीबीच्या उपचारात ऐकू येणे गमावलेल्या दोन तरुणींनी बेडाक्विलिनवरील एकाधिकार वाढवण्याच्या जॉन्सन अँड जॉन्सनच्या अर्जाला भारतीय पेटंट कार्यालयापुढे हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपले, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय खरेदीतली या औषधाची किंमत सहा महिन्यांच्या उपचारासाठी १३० डॉलरपर्यंत, म्हणजे निम्म्याहूनही खाली आली. भारतीय कंपन्या आता हे औषध बनवतात. तेव्हा परवडत नाही, हे कारण आता सांगता येणार नाही.

तिसरी तक्रार पुरवठ्याची आहे आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून टीबीची नेहमीची औषधे काही काळ स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगितली, कारण केंद्रीय पुरवठा खोळंबला होता. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत त्या काळात रुग्ण केंद्रावर जाऊन रिकाम्या हाताने परतले, कुणाला महिन्याऐवजी आठवड्याच्या गोळ्या मिळाल्या, कुणी उसनवारी करून मेडिकलमधून विकत घेतल्या. ज्या कार्यक्रमात रुग्णाने एक दिवस गोळी चुकवली तर आम्ही कर्मचारी त्याच्या घरी जाऊन त्याला समजावत असू, त्या कार्यक्रमानेच गोळ्या चुकवायला लावल्या. बेडाक्विलिनच्या बाबतीत तर असा खंड जास्त घातक ठरेल. हे औषध शरीरात कित्येक महिने थोड्या प्रमाणात रेंगाळत राहते. सोबतची औषधे बंद पडली की जंतू आणि हे एकटे औषध समोरासमोर उरतात, आणि प्रतिकार तयार होण्यासाठी त्याहून सोयीची स्थिती नाही. बेडाक्विलिनला दाद न देणारे जंतू दक्षिण आफ्रिकेसह काही देशांत आढळू लागले आहेत. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या सर्व औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे चार रुग्ण जगापुढे मांडले होते. तेव्हा निदान पुढे नवी औषधे येतील अशी आशा होती. ही नवी औषधेही आपण खंडित पुरवठ्याने वाया घालवली, तर त्यांच्या मागे उभे असलेले दुसरे औषध आज हाताशी नाही.

या नव्या उपचारालाही देखरेख लागते, हे त्याच ओघात सांगते. लिनेझोलिडने रक्त कमी होते, हातापायांच्या नसा बधिर होतात, कधी दृष्टीवर परिणाम होतो. बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिनसाठी हृदयाचा आलेख वेळोवेळी काढावा लागतो. रुग्णाला गोळ्या देऊन रक्ततपासणी आणि ईसीजीसाठी पन्नास-साठ किलोमीटरवर पाठवायचे म्हणजे त्या तपासण्या होणार नाहीत, हे गृहीत धरावे. कान गमावलेल्यांच्या वेळी नेमके हेच झाले.

त्या कान गमावलेल्यांविषयी माझी चौथी तक्रार आहे. सरकारी कार्यक्रमाने दिलेल्या औषधाने ज्यांचे ऐकू येणे गेले, त्यांची कुठेही स्वतंत्र नोंद नाही. ते 'बरे झाले' या रकान्यात मोजले गेले आणि तिथेच त्यांची फाइल मिटली. श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचे यंत्र), दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, यांतले जे काही मिळाले ते त्यांनी स्वतः खेटे घालून मिळवले. त्या काळी दुसरा उपाय नव्हता, हे मी समजू शकते. पण जीव वाचवताना जे गेले त्याची जबाबदारी घ्यायला उशीर झालेला नाही.

लहान मुले आणि गरोदर स्त्रिया या प्रत्येक नव्या उपचारात शेवटी येतात. चार औषधांचा हा सहा महिन्यांचा उपचार १४ वर्षांखालील मुलांना आणि गरोदर स्त्रियांना देता येत नाही, कारण प्रीटोमॅनिड त्यांच्यासाठी सुरक्षित असल्याचा पुरावा गोळाच झालेला नाही. मुलांना थुंकी काढता येत नाही म्हणून त्यांचे निदानही अडते. विष्ठेच्या नमुन्यावर सीबीनॅट करण्याची शिफारस झालेली आहे, ती आपल्या ग्रामीण रुग्णालयांत रुजायला हवी.

आणि अन्न. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात रुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा पुरेसा शिधा दिला, तेव्हा त्या घरांत नव्याने टीबी होण्याचे प्रमाण जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटले. २०२३ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष कोणत्याही औषधाच्या तोडीचा आहे. सरकारने पोषणासाठीची रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० वरून १,००० रुपये केली, त्याबद्दल आभार. पण ती एकट्या रुग्णाची आहे, आणि ती उपचार संपत आल्यावर खात्यात जमा होते अशी अनेक घरांची तक्रार मी ऐकली आहे.

आपल्याकडे माझ्या मागण्या अशा आहेत.

टीबीचा संशय असलेल्या प्रत्येक व्यक्तीची पहिली तपासणी जनुकीय चाचणीनेच व्हावी आणि प्रत्येक जिल्ह्यात चिप व कार्ट्रिजचा तीन महिन्यांचा राखीव साठा असावा. आयसोनियाझिड आणि फ्लुरोक्विनोलोनच्या प्रतिकाराची तपासणी जिल्हा पातळीवर आणावी. अहवाल किती दिवसांत मिळेल याची मुदत ठरवून ती केंद्राच्या भिंतीवर लावावी.

टीबीच्या प्रत्येक औषधाचा जिल्हावार साठा दर आठवड्याला लोकांना पाहता येईल असा जाहीर करावा. साठा ठरावीक पातळीखाली गेला तर खरेदी कोण करणार, कोणत्या निधीतून आणि किती दिवसांत, हे केंद्र आणि राज्य यांनी आधीच लेखी ठरवावे. मार्च २०२४ मध्ये पुरवठा का खोळंबला, याचा चौकशी अहवाल दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा.

सहा महिन्यांचा उपचार महाराष्ट्रातील प्रत्येक जिल्ह्यात किती पात्र रुग्णांना मिळाला आणि किती अजून जुन्या, लांब उपचारावर आहेत, हे आकडे दर तिमाहीला प्रसिद्ध करावेत. त्यासोबतची रक्ततपासणी आणि ईसीजी तालुक्याच्या ठिकाणी मोफत व्हावेत. जागतिक शिफारस आल्यापासून सहा महिन्यांच्या आत आपला निर्णय, होकार असो वा नकार, कारणांसह जाहीर करण्याचे बंधन मंत्रालयाने स्वतःवर घालून घ्यावे. मुले व गरोदर स्त्रियांसाठीच्या चाचण्यांना आणि नव्या लसींच्या संशोधनाला स्वतंत्र निधी द्यावा.

कॅनामायसिन, अमिकासिन, कॅप्रिओमायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिनमुळे श्रवणशक्ती गमावलेल्या सर्वांची जुन्या नोंदींवरून शोध घेऊन यादी करावी, त्यांना श्रवणयंत्र किंवा इम्प्लांट आणि त्यानंतरचे वाचा-प्रशिक्षण सरकारी खर्चाने द्यावे. नोंदवह्या अजून आहेत. त्यांतल्या कित्येक माझ्यासारख्या तंत्रज्ञांच्या हाताने भरलेल्या आहेत आणि हे काम सुरू होणार असेल तर निवृत्त कर्मचारी विनामोबदला मदतीला येतील. त्यांत मी आहे.

या पत्राला आपल्या दोन्ही कार्यालयांकडून मुद्देनिहाय लेखी उत्तर मिळावे, आणि ते माझ्या एकटीकडे न येता जाहीर व्हावे, अशी विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
जिल्हा सांगली